झाडाखालचा परशराम

माझे वडील फटफटीच्या शर्यतीत लागोपाठ तीन वर्षं पहिले आले. हे खरं आहे, आणि ते मी सगळ्यांत आधी सांगून टाकते. मुलीनं बापाचं मोठेपण दडवलं असं उद्या कुणी म्हणायला नको. बेळगावच्या कँपात गोरे साहेब दर हिवाळ्यात ही शर्यत भरवत. सुरुवातीला साहेबच धावत आणि साहेबच जिंकत. मग त्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शेडमधल्या आपल्या माणसांनाही त्यांनी भाग घेऊ दिला, बहुधा गंमत म्हणून, आणि त्या गमतीत आप्पांनी सगळ्या साहेबांना मागं टाकलं. पुढच्या वर्षी टाकलं, त्याच्या पुढच्या वर्षीही टाकलं. चौथ्या वर्षी ते तिसरे आले. पाचव्या वर्षी त्यांची गाडी मध्येच बंद पडली. सहाव्या वर्षी त्यांना कुणी बोलावलंच नाही. यातलं पहिल्या तीन वर्षांचं मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पुढच्या तीन वर्षांचं मला मामानं सांगितलं, तेही मी चांगली जाणती झाल्यावर.

ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे तेव्हा आम्ही निपाणीत राहत होतो. लढाई चालू होती. आप्पा एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या लॉऱ्या सांभाळायचे. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळं निम्म्या लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालत, आणि ज्या माणसानं साहेबांना हरवलं त्याला सकाळी उठून लॉऱ्यांच्या पाठीवरच्या कोळशाच्या टाक्या पेटल्या का नाही ते बघावं लागे. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या बुटांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येई. तो आवाज आला की आई चुलीपुढं सरसावून बसायची, आक्का माळ हातात घ्यायची आणि मी पुस्तक उघडायचे. आमच्या मागच्या बाजूला तंबाखूची वखार होती. तिथं बायका दिवसभर तंबाखू चाळायच्या, आणि तो बारीक धुरळा आमच्या पिठात, पाण्यात, धुतलेल्या लुगड्यात येऊन बसायचा. आम्हाला त्याची सवय होती. नवीन पाहुण्याचा मात्र पहिला अर्धा तास शिंकण्यातच जायचा.

घरात आम्ही चौघंच. आप्पा, आई, मी, आणि आप्पांची थोरली बहीण आक्का, जी लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती. मला भावंड नव्हतं, आणि त्याचा दोष आईकडं होता. भाकरी तव्यावरून थेट ताटात आली नाही तर दोष आईकडं. खर्डा जास्त तिखट झाला, कमी तिखट झाला, आंबील जास्त आंबली, दोष आईकडंच. आप्पा तिला नावानं हाक मारत नसत. "ए बेळगुंदी," म्हणत, तिच्या माहेरच्या गावाच्या नावानं, जणू ते गाव म्हणजेच एक शिवी होती. ताट भिरकावून देणं आमच्याकडं रोजचं नव्हतं, पण महिन्यातून एकदा तरी व्हायचंच. आई खाली बसून भाकरीचे तुकडे गोळा करायची आणि आक्का म्हणायची, "माझ्या भावाला साहेबलोक सलाम ठोकत हुते, आणि तुला दोन भाकऱ्या धड थापायला येत न्हाईत."

आता हे सांगायला लाज वाटते, पण मी आप्पांच्या बाजूची होते. बापाचं वजन ज्या बाजूला, तिथं मी. तेही मला जवळ करत. बाजारातून माझ्यासाठी चिरमुरे आणत, मला शाळेत घातलं होतं, शाळेत कुणी त्रास दिला तर स्वतः जाऊन मास्तरांना दम देऊन येत. मग मीही आईला "तुला काय कळतंय" म्हणायला शिकले. बारा वर्षांची पोरगी चुलीपाशी उभी राहून आईला म्हणते, "तुला काय कळतंय," आणि आई तिच्याकडं न बघता पीठ मळत राहते. हे चित्र मला या वयातही दुपारी पडल्या पडल्या दिसतं आणि मग झोप लागत नाही.

आठवड्यातला मोठा दिवस म्हणजे रविवार. त्या दिवशी आप्पा पाहुणे आणायचे. बहुतेक वेळा त्यांचे शेठ, म्हणजे तो तंबाखूचा व्यापारी, आणि त्याच्याबरोबर कचेरीतले एक-दोघं. आई पहाटेपासून मसाला वाटायची. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं मटण, जोंधळ्याची भाकरी, वर भात. पाहुणे जेवून सोप्यात पान लावत बसले की आप्पा परसातून फटफटी आणायचे. ती एरवी ताडपत्रीखाली असायची. शेठच्या लॉऱ्यांतून उरलेलं पेट्रोल आप्पा बाटलीत साठवत आणि रविवारी तेवढंच टाकीत ओतत. दोन किकांत ती सुरू व्हायची. आवाज इतका मोठा असायचा की वखारीतल्या चिमण्या उडायच्या आणि गल्लीतली पोरं दारात गोळा व्हायची. पाच मिनिटं आप्पा ती नुसती उभी चालू ठेवत, कान देऊन ऐकत. त्यांचा चेहरा तेवढी पाच मिनिटं मऊ व्हायचा. मग ते ती बंद करत आणि मला म्हणत, "हं, सांग."

मी सात वर्षांची असताना त्यांनी माझ्याकडून ते पाठ करून घेतलं होतं. फळीवरच्या तीन चांदीच्या कपांपैकी पहिला कप हातात धरून मी फटफटीशेजारी उभी राहायचे आणि शाळेतल्या कवितेसारखं खणखणीत सांगायचे. "शर्यत कँपातून सुटली. हिंडलग्यापर्यंत चार साहेब पुढं होते. बेळगुंदीच्या अलीकडं दोघंच राहिले, माझे आप्पा आणि पिरनवाडीचा परशराम. तळ्याच्या वळणावर परशराम भ्याला. त्यानं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि तो खड्ड्यात पडला. मागून साहेब येत होते. तरी आप्पांनी फटफटी थांबवली. परशरामाला उचलून झाडाखाली ठेवलं. त्याला पाणी पाजलं. मग किक मारून ते पुन्हा निघाले, आणि तरीसुद्धा पहिले आले." इथं पाहुणे मान हलवायचे. "माणूस असावा तर असा," असं कुणीतरी म्हणायचंच. कप सगळ्यांना आवडायचा, पण ते झाडाखाली ठेवणं त्याहून जास्त आवडायचं. आणि ह्या सगळ्या वेळात आईनं माजघराच्या दारात उभं राहून ऐकलं पाहिजे असा आप्पांचा दंडक होता. ती भांडी घासायला वळली तर ते हाक मारून तिला परत आणायचे. मला वाटायचं, आप्पांना आपल्या बायकोनंही कौतुक करावं असं वाटतं.

परशराम आमच्या घरी आला तो बाजाराचा दिवस होता. आक्का बाजारात गेली होती, आप्पा वखारीकडं. शाळा सकाळची झाली होती आणि मी सोप्यात बसून पाटीवर गणितं करत होते. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. काखेत कुबडी, एक पाय गुडघ्यापासून वाकडा, अंगात स्वच्छ पण विरलेला शर्ट, खांद्याला पिशवी. चालून चालून तो घामानं भिजला होता. त्यानं विचारलं, "यशवंता हाय काय घरात?" आप्पांना एकेरी हाक मारणारं मी कुणी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आप्पा दुपारी जेवायला येतील. आईनं आतून बघितलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "जेवणार न्हवं?" तो नको नको म्हणत होता, तरी तिनं ताट वाढलं.

तो जेवत असताना त्याची नजर फळीवरच्या कपांवर गेली. मला तेवढंच पुरे होतं. मी कप खाली काढला, समोर उभी राहिले आणि न विचारताच सुरू केलं. तो भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत राहिला. मी संपवलं तेव्हा तो म्हणाला, "बाळ, त्यो झाडाचा भाग परत सांग." मला अभिमान वाटला. मी परत सांगितला.

"छान सांगतीस," तो म्हणाला. "त्यो परशराम मीच."

मी आईकडं बघितलं. ती दारातच उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ते मी त्याच क्षणी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

"तुम्ही भ्यालात," मी म्हटलं. मला राग आला होता.

"भ्यालो म्हण. ते ऱ्हाऊ दे," तो शांतपणे म्हणाला. "वळणावर तुझ्या बापानं माझ्या हँडलाला लाथ घातली. शर्यतीत हुतंय असं. कदाचित मीपण घातली असती. पर त्यो थांबला न्हाई, बाळ. मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि गेला. मागनं साहेब आले, तेपण गेले. तिथं झाडबिड काय न्हाई, नुसता माळ हाय. सूर्य डोक्यावर येऊन कलला तवर मी पाणी पाणी करत पडलतो. मग बेळगुंदीचा एक जण बैलगाडी घिऊन आला, त्यानं उचललं. गाडीत एक पोरगी हुती, तिनं तोंडाला तांब्या लावला. म्हणून आज तुझ्यापुढं बसलोय."

"खोटं," मी म्हटलं. "तुम्हाला आमचा कप पाहिजे."

तो हसला. "कप घिऊन काय करू?"

आई पुढं आली आणि विचारलं, "भाकरी वाढू?" एवढंच. त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं, पण पदराखालचा तिचा चेहरा त्याला दिसला नसावा.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बूट वाजले. आप्पा दारात आले, त्यांनी माणूस पाहिला, ताट पाहिलं, माझ्या हातातला कप पाहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"ह्याला घरात कुणी घेतला?"

"मीच आलो, यशवंता," परशराम म्हणाला आणि कुबडीवर जोर देऊन उभा राहिला. "भांडायला आलो न्हाई. शर्यत तुझी, कप तुझा. भ्याला म्हण, पडला म्हण, काय पण म्हण. फकस्त थांबलो, उचललो, पाणी पाजलो म्हणतोस, तेवढं सोड. तुझे लॉरीवाले पिरनवाडीत यिऊन सांगत्यात. माझ्या आईच्या कानावर गेलंय ते. ती मला धा वर्षं म्हणतीया, ज्यानं तुला वाचवलं त्याच्या घरी एकदा नारळ घिऊन जा. मी सांगून बघितलं, तिला पटत न्हाई. गावात सगळी सांगत्यात म्हणजे खरंच असणार, म्हणती. आता हातरुणाला लागलीया. म्हणती, मी मरायच्या आत जाऊन ये." त्यानं पिशवीतून नारळ काढला. सोललेला, हळदकुंकू लावलेला. "हा तिनं दिलाय. तुझा हाय काय सांग. तुझा असला तर ठेवतो."

आप्पांनी नारळाकडं बघितलं. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, आता आप्पा ह्याला खडसावतील, आता खरं काय ते सांगतील. आप्पा म्हणाले, "ठेव तिथं आणि चालता हो."

परशरामानं त्यांच्याकडं बघितलं. मग वाकायला त्रास होत असतानाही वाकून त्यानं नारळ उंबऱ्याच्या आत ठेवला, आईला "येतो, बाई" म्हणाला आणि गेला. कुबडीचा टकटक आवाज मोटार स्टँडच्या दिशेनं ऐकू येत राहिला.

आप्पांनी त्याचं ताट परसात फेकलं. आईला म्हणाले, "राखेनं घासून घे. आणि परत कुणाला असं वाढलंस तर बघ."  आक्का बाजारातून आली तेव्हा त्यांनी तिला हसत सांगितलं, "तो लंगडा आलता. नारळ घिऊन. पाया पडून गेला." आक्कानं देवापुढं नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. आप्पांनी खाल्लं. मी खाल्लं. आईनं तिचा तुकडा मुठीत धरला आणि थोड्या वेळानं मागं जाऊन परसात बांधलेल्या गाईच्या तोंडात दिला. मी मागोमाग गेले होते. तिनं मला बघितलं आणि हात धुवून ती आत गेली.

तो आठवडा मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. मी रोज ठरवायचे की परशराम खोटारडा आहे. आणि रोज मला आप्पांचं ते "ठेव तिथं" आठवायचं. नारळ आपला नसेल तर माणूस म्हणेल, उचल आणि नीघ. नारळ आपला असेल तर म्हणेल, ये, बस. आपला म्हणून ठेवून घ्यायचा आणि देणाऱ्याला हाकलायचं, हे माझ्या बारा वर्षांच्या डोक्यात कुठंच बसेना. शनिवारी संध्याकाळी आप्पांनी मला जवळ बोलावलं. "उद्या शेवटाला एवढं वाढव," ते म्हणाले. "'इतक्या वर्षांनी परशराम नारळ घेऊन आला आणि आप्पांच्या पाया पडला.' म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. ते खूश झाले. उद्या शेठ एका मोठ्या माणसाला आणणार होते. लॉऱ्यांचा सगळा कारभार आप्पांच्या हाती द्यायचा का, हे तो ठरवणार होता. म्हणून त्यांना सगळं चोख पाहिजे होतं.

रविवारी सगळं नेहमीसारखं झालं. रस्सा झाला, पान झालं, फटफटी परसातून आली, चिमण्या उडाल्या. मी कप घेऊन उभी राहिले. कँप झाला, हिंडलगा झाला, तळ्याचं वळण आलं. परशराम भ्याला असंच मी म्हणाले, कारण लाथेचं मला अजूनही म्हणवत नव्हतं. "मागून साहेब येत होते," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना.

"तरी आप्पांनी," आप्पांनी सुरुवात करून दिली.

"आप्पा थांबले नाहीत," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. मी गडबडले असं त्यांना वाटलं. आप्पाही हसले. "विसरली. परत म्हण."

"आप्पा थांबले नाहीत. तिथं झाड नाही. परशराम दुपारपर्यंत उन्हात पाणी मागत पडला होता. बेळगुंदीच्या माणसानं त्याला गाडीत घालून नेलं."

आता कुणी हसलं नाही. आप्पा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही. भीती दिसली. ती बघून मला अघोरी आनंद झाला, हे लिहिलं नाही तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही. शेठ जरा अवघडले होते. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, ते माजघराच्या दाराकडं वळून म्हणाले, "काय हो वैनी, तुम्ही तर बेळगुंदीच्याच. तुमच्या गावात काय सांगत्यात?"

लग्नाच्या तेरा वर्षांत पाहुण्यांसमोर आईच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. ती म्हणाली, "पोरगी सांगती ते खरं हाय. माझ्या थोरल्या भावानं उचललं त्याला. पाणी पाजलं ते मी. गाडीत मी हुते."

एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी घासायला बसली. आम्हाला सोप्यात भांड्यांचा आवाज येत होता. त्या वेळी माझ्या लक्षात आलं की आप्पा इतकी वर्षं ती गोष्ट पाहुण्यांना सांगतच नव्हते. ते आईला सांगत होते, माझ्या तोंडून. तिनं स्वतःच्या हातांनी केलेलं काम ते दर रविवारी तिच्यासमोर तिच्याकडून काढून घेत होते आणि ती गप्प आहे ना हे बघून घेत होते. लग्नाआधी त्यांना ती कोण हे माहीत नसणार. लग्नानंतर केव्हातरी तिनंच भोळेपणानं सांगितलं असेल. त्या दिवसापासून त्यांना तिची भाकरी गार लागायला लागली असेल.

पाहुणे लवकर उठले. गेल्यावर आप्पांनी मला मारलं नाही. ते फटफटी पुसत बसले, टाकी, हँडल, चाकाची एकेक तार. आक्का कपाळ बडवत होती. अंधार पडायच्या आधी आप्पा आत आले आणि आईला म्हणाले, "तेरा वर्सं तोंड शिवून बसलीस. आजच फुटलं?"

"पोरगी बोलली म्हणून बोलले," आई म्हणाली.

"सकाळच्या मोटारीनं दोघी निघा."

आई म्हणाली, "बरं." मला वाटतं, त्या "बरं"ची त्यांना अपेक्षा नव्हती. 

दुसऱ्या दिवशी मोटारीत खिडकीशी बसून मी वाट बघत होते की आई मला जवळ घेईल. मी एवढं मोठं काहीतरी केलं होतं. तिनं घेतलं नाही. संकेश्वर मागं पडल्यावर मी विचारलं, "आई, तू मला आधी का नाही सांगितलंस?" ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तू त्येंची हुतीस गं. कुणाला सांगू?" 

बेळगुंदीला मामाच्या घरी आम्ही राहिलो त्या राहिलोच. तिथलं सगळं गोड होतं असं नाही. मामी चांगली होती, पण दोन तोंडं वाढली हे ती विसरली नाही आणि आम्हालाही तिनं विसरू दिलं नाही. आईनं शेतात रोपं लावली, शेंगा तोडल्या, जनावरांचं केलं. मी बेळगावच्या शाळेत चालत जायचे. एकदा मामाबरोबर त्या वळणावर गेले. तळं होतं, माळ होता, झाड खरंच नव्हतं. परशराम पुन्हा मला भेटला नाही. मामाकडून कळलं की त्याची आई त्याच महिन्यात गेली. नारळ पोचला का, असं तिनं विचारलं होतं आणि त्यानं पोचला म्हणून सांगितलं होतं.

आप्पा एकदाच आले. देश स्वतंत्र झाला त्या ऑगस्टात. शाळेत आम्हाला पेढे मिळाले होते आणि गावात अजून कागदी झेंडे लटकत होते. ते पायी आले, कोट घालून, केस बरेच पिकलेले. शेठनं कारभार दुसऱ्याला दिला होता आणि आप्पा आता कोकणात लॉरी घेऊन जात, हे आम्हाला आधीच कळलं होतं. आई अंगणात शेंगा वाळत घालत होती.

"चल," ते म्हणाले.

"कशाला?"

"लोक इचारत्यात, बायको कुठं हाय."

"हाय तिथं हाय म्हणून सांगा," आई म्हणाली, आणि शेंगा पसरत राहिली.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. चार-पाच वर्षांनी ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते. मला वाटलं ते शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "शाळेत नाव कुणाचं लावतीस?"

"तुमचंच," मी म्हटलं. "दुसरं कुठून आणू?"

ते वळले आणि गेले. मामा शेतातून येईपर्यंत ते दिसेनासे झाले होते. मामा म्हणाला, निदान बसा तरी म्हणायचं. आई म्हणाली, "म्या उठा म्हटलं न्हवतं."

पुढं मी मास्तरीण झाले आणि आई माझ्याजवळ राहिली. आप्पांबद्दल इकडून तिकडून कळायचं. घाटातल्या चहाच्या दुकानांत ते नव्या ड्रायव्हरांना शर्यत सांगत, झाडासकट सांगत. नंतर नजर अधू झाली, तेव्हा ते एका पेट्रोल पंपावर बसून राहत. नोकरी अशी नव्हती, मालकानं बसू दिलं होतं इतकंच. फटफटी शेवटपर्यंत विकली नाही म्हणतात. माझ्या वयाच्या बायका मला सांगतात, आता माफ करून टाक, मनाला शांती मिळेल. मला शांती आहे. माफ केलेलं नाही.

त्यांच्या मरणाचा निरोप आक्कानं एका लॉरीवाल्याबरोबर पाठवला. सकाळची वेळ होती. आई तांदूळ निवडत होती. निरोप ऐकून तिनं विचारलं, "काल जेवले हुते काय?" लॉरीवाल्याला ते माहीत नव्हतं. तिनं उरलेले तांदूळ निवडून संपवले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि त्याच लॉरीत बसून निपाणीला गेली. मी गेले नाही. शाळेत त्या दिवशी मुलांची परीक्षा आहे, असं मी आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, पुढं भेटायला आलेल्या सगळ्यांना सांगितलं. परीक्षा नव्हती.